तुम्ही विचारलंत म्हणून: बंदी असलेल्या ॲपवर संशोधन कसं करता?

सेमिनारच्या चहाला म्हणा, कुणाच्या पीएचडी प्रपोजलच्या चर्चेत म्हणा, मला हा प्रश्न ठरलेला असतो. मॅडम, टिकटॉकवर तर बंदी आहे ना, मग तुम्ही त्यावर काम कसं करता? आणि लगेच जरा हळू आवाजात, व्हीपीएन लावत असाल ना?

व्हीपीएन म्हणजे आपण दुसऱ्या देशातनं नेट वापरतोय असं भासवणारी सोय. नाही लावत. घाबरून लावत नाही असं वाटतं लोकांना, पण तेवढंच कारण नाहीये, म्हणून एकदा नीट लिहितेय.

मी सांगलीत शिकवते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात साध्या लोकांनी मोबाईलवर काढलेले छोटे व्हिडिओ हा माझा विषय. टीव्हीवाल्यांचे कॅमेरे आले पण ते आयर्विन पुलाजवळ, स्टेशन रोडला, जिथं गाडी पोचते तिथं. आत गावात काय चाललंय, गोठ्यातली जनावरं कुणी सोडली, माळ्यावर कोण बसलंय, बोटीत आधी कुणाला घेतलं, हे सगळं गावातल्या पोरापोरींनी आणि बायकांनी काढलं आणि त्यातलं बरंच टिकटॉकवर टाकलं, कारण तेव्हा सगळे तिथंच होते. देशात २० कोटींच्या आसपास लोक वापरत होते ते ॲप. मग जून २०२० मध्ये गलवानला आपले जवान शहीद झाले आणि २९ जूनला ५९ चिनी ॲपवर बंदी आली, जानेवारी २०२१ मध्ये ती कायमची झाली. पूर आणि बंदी यात वर्षसुद्धा गेलं नाही, म्हणजे पुराची गावाकडून सांगितलेली हकिकत लोकांनी जिथं ठेवली होती ती जागाच बंद झाली.

आता कायद्याचं. बंदी आहे ती आयटी ॲक्टच्या कलम ६९ए खाली. देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व वगैरे कारणांनी सरकार एखादी गोष्ट लोकांना दिसू नये असा आदेश देऊ शकतं, आणि तो पाळला नाही तर शिक्षा आहे ती सेवा देणाऱ्या कंपनीला, सात वर्षांपर्यंत कैद. बघणाऱ्याचं नाव त्यात नाही. भारतात व्हीपीएन वापरणं हाच मुळात गुन्हा आहे असंही नाही. हे पोरांनी वाचलेलं असतं आणि मग ती म्हणतात, बघा मॅडम, आपल्याला काहीच होत नाही.

होत नसेल हो. पण घरात बसून कुणी काय बघतं आणि विद्यापीठाच्या नावानं मी काय प्रबंध सादर करते यात फरक आहे की नाही? प्रबंधात संशोधन पद्धतीचं प्रकरण असतं, त्यात लिहावं लागतं की माहिती कुठनं मिळवली, कशी मिळवली. तिथं "बंदी चुकवून" असं लिहिलं तर गाईड, एथिक्स कमिटी (संशोधन नैतिकतेला धरून आहे ना हे तपासणारी समिती), विभाग सगळेच अडकले, आणि नाही लिहिलं तर वाचणाऱ्याला मी खोटं सांगितलं. मला दोन्ही नको. त्यात बरीच विद्यापीठं नॅशनल नॉलेज नेटवर्कवर आहेत, ते शिक्षणसंस्थांना जोडणारं सरकारचं नेटवर्क आहे. २०२२ मध्ये एनआयसीनं, म्हणजे सरकारचं संगणकाचं काम बघणाऱ्या संस्थेनं, सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सूचना काढल्या त्यात बाहेरचं व्हीपीएन वापरू नका असं सरळ लिहिलंय. आम्ही अनुदानित कॉलेजवाले थेट सरकारी नोकर नसू पण आमच्या नेटवर्कचे नियम त्याच वळणाचे आहेत आणि पगार कुठनं येतो ते सगळ्यांना माहिती आहे.

आणि समजा हे सगळं बाजूला ठेवलं तरी व्हीपीएननं मिळतं काय? सिंगापूरचा सर्व्हर लावला की ॲपला वाटतं तुम्ही सिंगापूरला बसलाय आणि ते तुम्हाला तिथल्या हिशोबाचं फीड दाखवतं. २०१९ मध्ये कसबे डिग्रजच्या एखाद्या पोरीला जे दिसत होतं ते हे नाहीच, मग त्यावरून मी निष्कर्ष कसला काढणार? हा मुद्दा मला कायद्यापेक्षा मोठा वाटतो खरं तर.

आम्ही काय करतो, तर लोकांच्या घरी जातो. जुने फोन कपाटात पडलेले असतात, स्क्रीनला तडा, बॅटरी फुगलेली, पण गॅलरीत व्हिडिओ असतात कारण तेव्हा लोक आपलेच व्हिडिओ सेव्ह करून स्टेटसला ठेवायचे. सांगलवाडीत एका ताईंनी असाच फोन काढला. व्हिडिओत दुकानाच्या शटरला अर्ध्यापर्यंत पाणी, वर एक गाणं, आणि टिकटॉकचा लोगो एकदा या कोपऱ्यात एकदा त्या कोपऱ्यात, त्याच्याखाली त्यांचं अकाउंटचं नाव. गाण्याच्या खाली कुणीतरी ओरडतंय. ताई म्हणाल्या, ते आमचे मामंजी, सिलिंडर वर घ्या म्हणतायत, गाणं मी नंतर लावलं कारण नुसतं ओरडणं कसं टाकायचं. ही एवढी गोष्ट ॲपवर हजार व्हिडिओ बघूनसुद्धा मला कळली नसती. गाणं का लावलं हा माझ्या प्रकरणातला आख्खा एक भाग झाला त्याच्यावरनं.

अकाउंटचं ते नाव मात्र प्रबंधात किंवा सेमिनारच्या स्लाइडवर जाता उपयोगी नाही, आधी ते पुसायचं म्हणजे पुसायचंच, चेहरेही. कुणाच्या फोनमध्ये ॲपचं आयकॉन अजून असेल तर उघडून दाखवा म्हणायचं नाही. आणि नवीन डाउनलोड करा तर कधीच नाही, बंदीनंतर लगेच टिकटॉक प्रो म्हणून लिंक व्हॉट्सॲपवर फिरत होती, ते मालवेअर होतं, म्हणजे फोनला अपाय करणारं ॲप, महाराष्ट्र सायबरनं तेव्हा सावध केलं होतं. माझ्या संशोधनापायी कुणाच्या फोनमध्ये असलं काही घुसलं तर त्याची भरपाई मी काय देणार.

अजून एक, बंदी म्हटलं की सगळ्यांना टिकटॉकच आठवतं पण त्या ५९ मध्ये एका फोनमधनं दुसऱ्यात फाइल पाठवायचं शेअरइट होतं, तसंच झेंडर होतं, मोबाईलनं कागद स्कॅन करायचं कॅमस्कॅनर होतं. म्हणजे फोनमधनं व्हिडिओ घ्यायचा तर सवयीनं शेअरइट म्हणायचं नाही, केबल घेऊन जायची, चार्जिंगची पिन सैल असते तर ती धरून बसायची. संमतीपत्रं कॅमस्कॅनरनं स्कॅन करायची नाहीत, झेरॉक्सवाल्याकडं जाऊन साधं स्कॅन करून आणायची. एका विद्यार्थिनीचा टिकटॉकबंदीवरचा अख्खा रिपोर्ट आला आणि जोडलेल्या प्रत्येक संमतीपत्राच्या खाली कॅमस्कॅनरचं नाव. तिच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि तिलाच कशाला बोला, कितीतरी ऑफिसात अजून तेच चालतं.

काही जण म्हणतात परदेशातल्या मित्राला डेटा काढायला सांगा. टिकटॉकची संशोधकांसाठी सोय आहे खरी पण ती अमेरिका, युरोपातल्या संस्थांना. तिकडच्या विद्यापीठाशी रीतसर करार असेल, दोन्हीकडच्या एथिक्स कमिट्यांना माहिती असेल तर जरूर करा. मित्रानं ड्राइव्हची लिंक पाठवली, हा काही करार होत नाही.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत टेक्सासच्या गव्हर्नरनी डिसेंबर २०२२ मध्ये सरकारी उपकरणांवर टिकटॉक बंद केलं, सरकारी विद्यापीठं त्यात आली, ऑस्टिनच्या विद्यापीठानं कॅम्पसच्या वायफायवरसुद्धा बंद केलं. टिकटॉकवर शिकवणारे, संशोधन करणारे प्राध्यापक अडकले. त्यांची संघटना २०२३ मध्ये कोर्टात गेली, बंदी सगळी उठवा असं नाही, संशोधकांना सूट द्या एवढंच मागणं, आणि डिसेंबरमध्ये हरली. तरी तिथं स्वतःचा फोन, स्वतःचं नेट हा रस्ता उघडा राहिला होता. आपल्याकडं बंदी सगळ्यांनाच आहे.

मी बंदी पाळते, पण सूट असायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. कलम ६९ए मध्ये संशोधनाचा शब्दही नाही. आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मात्र संशोधन आणि आकडेवारीच्या कामाला अटी घालून सूट दिलीय. म्हणजे संशोधन ही वेगळी गोष्ट आहे हे आपल्याच संसदेला मान्य आहे, मग इथं का नाही? २०१९ चा पूर हा कृष्णाकाठचा इतिहास आहे, त्याचे पुरावे आपल्याला बघता येऊ नयेत आणि दुसऱ्या देशातल्या संशोधकाला यावेत हे मला पटत नाही. बंदीचा मूळ आदेशसुद्धा वाचायला मिळत नाही, असल्या आदेशांची माहिती गोपनीय ठेवायचा नियमच आहे २००९ चा, त्यामुळं संदर्भ द्यायचा तर सरकारच्या प्रेस नोटचा द्यावा लागतो. मागायचंय ते उघडपणे, लेखी, विद्यापीठामार्फत मागायचं. माझा अर्ज विभागातनं पुढं गेलाय.

प्रपोजल लिहिणाऱ्यांनी एवढं करा, बंदीचं काय करणार हे पहिल्याच ड्राफ्टमध्ये लिहा, कमिटीनं विचारायची वाट बघू नका. विषय बदलावा लागत नाही, प्रश्न बदलावा लागतो. आणि तुम्ही संशोधक नसाल पण पुरातल्या गावचे असाल तर घरातला जुना फोन भंगारात द्यायच्या आधी गॅलरी बघा. व्हिडिओ सापडला तर कुणी काढला, कुठनं काढला, मागं आवाज कुणाचा आहे, तेवढं वहीत लिहून ठेवा.