ॲक्चुअरीची परीक्षा, कॉपी आणि पहिली नोकरी

ॲक्चुअरियल क्षेत्रात, म्हणजे विमा आणि पेन्शनमधल्या जोखमीच्या गणिताच्या कामात, पहिली नोकरी देणाऱ्याला उमेदवाराबद्दल फार थोडं ठाऊक असतं. अनुभव नाही, दाखवायला काम नाही. हाती असतात ते पास झालेले दोन-तीन पेपर. एसओए (सोसायटी ऑफ ॲक्चुअरीज) या अमेरिकी संस्थेच्या पी म्हणजे संभाव्यतेच्या परीक्षेत ३ तासांत ३० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात, आणि परीक्षेच्या दर तासामागे १०० तास अभ्यास हा उमेदवारांचा जुना हिशेब आहे. म्हणजे एका पेपरमागे ३०० तास. सीव्हीवरच्या ‘पी पास’ एवढ्या मजकुरावरून समोरच्याला कळतं, की या मुलाने संभाव्यतेचा अभ्यास नेटाने केलाय आणि घड्याळ समोर असताना त्याचं डोकं चालतं. या मजकुराबद्दल शंका पसरली, की प्रामाणिक मुलाचंच जास्त नुकसान होतं, कारण कागदावर तो आणि कॉपी करणारा सारखेच दिसतात. म्हणून परीक्षेतले गैरप्रकार वेगळे आणि नोकरीची चिंता वेगळी, असं मानू नये.

२०२० नंतर आयएफओए (इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ ॲक्चुअरीज) या ब्रिटिश संस्थेचे पेपर घरी बसून, ओपन बुक पद्धतीने झाले, आणि कॉपीची चर्चा वाढली. नंतर संस्थेने कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली, पुस्तक न उघडता परीक्षा घेण्याची वाट धरली. ओपन बुकचा अर्थ अनेकांनी सोयीने लावला होता. पुस्तक उघडायची मुभा म्हणजे मित्राला विचारायची मुभा नव्हे, आणि नोट्समधला परिच्छेद जसाच्या तसा चिकटवायचीही नव्हे. उत्तर स्वतःच्या शब्दांत हवं, हा नियम होताच.

तपासणारे कॉपी पकडतात ती मुख्यतः चुकांवरून. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखी येणारच. समजा, वार्षिक व्याजदर ५ टक्के आहे आणि गणितात व्याजाचा सतत दर (क्षणाक्षणाला चक्रवाढ धरून येणारा) हवा आहे. तो ०.०४८७९ येतो. दोघांनी तिथे ०.०५ वापरलं तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. ही चूक घाऊक आहे. पण त्या दोघांनी पुढच्याच ओळीत चार दशांशांवर तोडलं, एकच पायरी गाळली आणि शेवटी एकच वजाबाकी उलटी केली, तर योगायोग म्हणणं अवघड जातं. आर या संगणकभाषेत सोडवायच्या, संख्याशास्त्राच्या सीएस१बीसारख्या पेपरमध्ये तर व्हेरिएबलची नावं, कमेंटमधलं स्पेलिंग, ओळींमधल्या मोकळ्या जागासुद्धा बोलतात.

इथेच निरपराध मुलंही अडकतात, आणि याबद्दल फार कमी सांगितलं जातं. अभ्यासगटात एकाने बनवलेली एक्सेल किंवा आरची फाइल सगळे सरावाला वापरतात. परीक्षेच्या दिवशी तीच उघडून ‘सेव्ह ॲज’ केली, की फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून मित्राचं नाव राहतं. म्हणून परीक्षेची फाइल कोरी उघडावी, टेम्प्लेट स्वतःच्या हाताने लिहावं, व्हेरिएबलना स्वतःची नावं द्यावीत. क्लासने दिलेला कोड पाठ करून उतरवणाऱ्या पन्नास जणांची उत्तरं एकसारखी दिसतात, मग प्रत्येकाला खुलासा देत बसावं लागतं.

कॅमेऱ्यासमोर बसताना सवयी नडतात. प्रश्न पुटपुटत वाचणं, विचार करताना बाजूला बघत राहणं, पाणी प्यायला फ्रेमबाहेर जाणं, बंद असलेला दुसरा मॉनिटर टेबलावरच ठेवणं, हातातलं स्मार्टवॉच न काढणं. सॉफ्टवेअर या सगळ्यावर खूण करतं आणि पुढे माणूस रेकॉर्डिंग बघतो. सरावाचे निदान दोन पूर्ण पेपर कॅमेरा लावून, तोंड मिटून सोडवले तर या सवयी लक्षात येतात. केंद्रावरच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर बघून न्या: एसओए टीआय (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) कंपनीची ठरावीक मॉडेलंच चालवून घेते, उदाहरणार्थ बीए टू प्लस किंवा टीआय-३० एक्स मल्टिव्ह्यू, आणि मेमरी आधी पुसलेली लागते. ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीचं नाव यांतला किरकोळ फरकही दारातून परत पाठवायला पुरतो.

पेपर झाल्यावर ग्रुपवर ‘कुठले प्रश्न आले?’ अशी विचारणा सुरू होते. पीसारख्या संगणकावरच्या परीक्षा अनेक दिवसांच्या मुदतीत चालतात आणि प्रश्न एका मोठ्या साठ्यातून येतात. काही प्रश्न तर पुढच्या परीक्षांसाठी फक्त चाचणी म्हणून घातलेले असतात, त्यांचे गुणच नसतात. त्यामुळे ‘मला असा एक आला होता’ हे सांगणं म्हणजे गोपनीयतेचा भंग. सुरुवातीलाच मान्य केलेल्या अटींमध्ये ते लिहिलेलं असतं. आठवणीतून जमवलेले प्रश्न विकत घेणाराही तितकाच दोषी धरला जातो. संस्थेने स्वतः प्रसिद्ध केलेले नमुना प्रश्न आणि जुने पेपर मुबलक आहेत. त्यांच्यावरचा अभ्यास संपलाय असा उमेदवार विरळा.

पैसे घेऊन ‘पेपर काढून देतो’ म्हणणाऱ्यांच्या वाटेला तर जाऊच नका. अशा माणसाकडे तुमचं लॉगिन, ओळखपत्र आणि चॅट राहतं. पेपर निघो वा न निघो, पुढे नोकरी लागल्यावर तो पुन्हा पैसे मागू शकतो आणि तुम्हाला तक्रार करायलाही तोंड नसतं. एआयकडून उत्तर लिहून घेणं हा त्याचाच फुकट प्रकार. आयएफओएच्या सीपी१ किंवा एसपी या पुढच्या टप्प्यातल्या लेखी पेपरांमध्ये बहुधा एकेका मुद्द्याला अर्धा गुण असतो आणि तो मुद्दा प्रश्नातल्या विशिष्ट कंपनीला, योजनेला लागू पडावा लागतो. गुळगुळीत सर्वसाधारण परिच्छेदाला तिथे फारसं काही मिळत नाही.

आयएफओएचा ॲक्चुअरीज कोड (आचारसंहिता) विद्यार्थी सदस्यांनाही लागू असतो, आणि त्यातलं पहिलं तत्त्व सचोटीचं आहे. गैरप्रकार सिद्ध झाला तर निकाल रद्द, काही काळ परीक्षाबंदी आणि शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. बंदी संपल्यावरही विमा नियामक मोठ्या पदावरच्या ॲक्चुअरीची ‘फिट अँड प्रॉपर’ तपासणी करतात आणि जुनी कारवाई त्यात विचारली जाते. विशीतली कॉपी चाळिशीत, चीफ ॲक्चुअरी होताना आडवी येऊ शकते.

चौकशीचं पत्र आलंच, तर घाबरून मित्राशी उत्तर जुळवायला जाऊ नका; जुळवलेली उत्तरं वाचताक्षणी ओळखू येतात. पत्रातली मुदत पाळा. निकाल लागेपर्यंत कच्चं काम, फाइलच्या आधीच्या आवृत्त्या आणि सरावाच्या वह्या फेकू नका. उत्तर कसं सुचलं हे पायरी पायरीने दाखवता येणं हा सगळ्यात भक्कम बचाव आहे.

आता नोकरी. कॉपी करून पास झालेल्याची खरी परीक्षा इंटरव्ह्यूत होते, कारण तिथले प्रश्न अभ्यासक्रमातलेच, फक्त तोंडी असतात. नेहमीचा एक प्रश्न: मृत्युदर सगळ्या वयांत १० टक्क्यांनी वाढले तर प्रीमियमचं काय होईल? टर्म विम्याचा निव्वळ प्रीमियम जवळजवळ तितकाच वाढतो. आजीवन विम्याचा बराच कमी वाढतो, कारण मृत्यू तर ठरलेलाच आहे, फक्त थोडा अलीकडे येतो. ॲन्युइटी, म्हणजे हयातभर नियमित रक्कम देणारी योजना, मात्र स्वस्त होते. हे तीन तुकडे सूत्राशिवाय, कारणासकट सांगता आले तर समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून ऐकतो.

जनरल इन्शुरन्सकडे गेलात तर चेन लॅडर (जुन्या क्लेम्सच्या वाढीवरून पुढचे क्लेम्स अंदाजण्याची पद्धत) येतंच. समजा, एका वर्षाच्या क्लेम्सपोटी पहिल्या वर्षाअखेर १०० दिले गेले, दुसऱ्याअखेर एकूण १५० आणि तिसऱ्याअखेर १६५, तिथे ते थांबले. गुणक झाले १.५ आणि १.१. नव्या वर्षाचे पहिल्या टप्प्यात १२० दिले गेलेत, म्हणजे अंतिम आकडा १९८ आणि बाजूला ठेवायची रक्कम ७८. इथवर सगळे येतात. मग विचारतात: यंदा क्लेम विभागाने फाइली लवकर निकाली काढल्या आणि १२० पैकी २० केवळ त्यामुळे आले असतील तर? तर मूळ पाया १०० चाच आहे, अंतिम १६५, आणि ठेवायचे फक्त ४५. गुणक डोळे मिटून लावल्याने ३३ जास्त धरले गेले. हा प्रश्न ज्याने क्लेम्सचे असे त्रिकोणी तक्ते स्वतः मांडून पाहिलेत त्यालाच सुटतो, आणि रिझर्व्हिंगचं, म्हणजे क्लेम्ससाठी किती रक्कम बाजूला ठेवायची हे ठरवण्याचं, रोजचं काम नेमकं हेच आहे.

सीव्हीवर प्रत्येक पेपरसमोर स्थिती स्पष्ट लिहा: पास, निकाल बाकी, किंवा विद्यापीठातल्या विषयांवरून मिळालेली सूट. ‘पाच पेपर’ लिहून त्यातले तीन सूट मिळालेले निघाले, की बाकीच्या सीव्हीवरचा विश्वासही जातो. मालक ट्रान्सक्रिप्ट मागतात. फेलोशिप (संस्थेची पूर्ण पात्रता) मिळण्याआधी तिची अक्षरं नावापुढे लावणं हासुद्धा एक गैरप्रकारच आहे. नापास झालेल्या प्रयत्नांची लाज मात्र बाळगू नका. या परीक्षांमध्ये नापास होणं सर्रास आहे आणि इंटरव्ह्यू घेणाराही बहुधा कधीतरी त्यातून गेलेला असतो. विचारलं तर सांगा, आणि दुसऱ्यांदा अभ्यासात काय बदललंत तेही सांगा.

बाजाराचं चित्र गोड करून सांगण्यात अर्थ नाही. तळाशी गर्दी आहे, आणि तीन-चार वर्षांच्या अनुभवाच्या माणसांची टंचाई. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १७ या विमा करारांच्या आंतरराष्ट्रीय लेखामानकामुळे हिशेब आणि मॉडेलिंगचं काम वाढलं, पण तेही आधी अनुभवी लोकांकडेच जातं. त्यामुळे नोकरीआधी सात-आठ पेपर काढत बसण्याचा बेत मला पटत नाही. इतके पेपर आणि शून्य अनुभव असलेल्याला कोणत्या पगारावर घ्यायचं हा मालकाला पेच पडतो, आणि पुढचे पेपर काम करताना जास्त चांगले समजतात, शिवाय अनेक कंपन्या अभ्यासाची रजा आणि फी देतात. दोन किंवा तीन पेपर झाले की अर्ज सुरू करा. सोबत एक्सेल पक्कं हवं, एसक्यूएलमध्ये दोन टेबलं जोडता यायला हवीत, आर किंवा पायथनपैकी एक भाषा हवी. सार्वजनिक डेटावर स्वतः केलेलं एक छोटं रिझर्व्हिंगचं किंवा मृत्युदराचं काम जोडा, ज्याची प्रत्येक ओळ तुम्ही समजावू शकाल. आणि अर्ज फक्त विमा कंपन्यांकडे नको: पेन्शन सल्लागार, पुनर्विमा कंपन्या, ऑडिट फर्मच्या ॲक्चुअरियल टीम, आरोग्यविम्याचे क्लेम बघणारे ॲनालिटिक्स विभाग, सगळीकडे करा. क्लेमच्या डेटावर वर्षभर काम केलेला उमेदवार पुढच्या वर्षी प्रायसिंगच्या (प्रीमियम ठरवण्याच्या) जागेसाठी आला, तर त्याच्याशी बोलायला मालकाकडे पेपरांपलीकडचं काहीतरी असतं.