आजार अण्णांचा, गोळ्या सगळ्यांना

अण्णांना टीबी निघाला तेव्हा घरात सगळ्यात मोठा वाद झाला तो त्यांच्या गोळ्यांवरून नाही, आमच्या गोळ्यांवरून. ते बिचारे मुकाट्याने घ्यायचे. धडधाकट माणसांना गोळ्या घ्यायला लावणं हे खरं काम होतं. त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून लिहितोय.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय चौसष्ट. सगळं आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर गेलं, आधी कामगार, नंतर जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा. सुताची धूळ नाकातोंडात जाऊन खोकला त्यांना कायमचाच, त्यामुळे हा खोकला वेगळा आहे हे कुणाच्या ध्यानातच येईना. गल्लीतल्या डॉक्टरांनी खोकल्याचं पातळ औषध दिलं, मग अँटिबायोटिक, मग पुन्हा पातळ औषध. रोज संध्याकाळी अंगात कणकण यायची आणि विजारीची नाडी आवळून आवळून बांधावी लागायची. शेवटी एक्स-रे काढला. छातीत वरच्या बाजूला डाग दिसला आणि तिथून आमची गाडी सरकारी रुळावर आली.

तपासणीला थुंकी चालत नाही, खोलातून खाकरून काढलेला बेडका लागतो, हे आधी कळलं तर फेरा वाचतो. एक नमुना तिथल्या तिथे, दुसरा सकाळी उठल्या उठल्या. हल्ली हे यंत्रावर तपासतात. जंतू आहेत का, एवढंच नाही, तर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यांच्यावर चालेल का, हेही त्याच रिपोर्टात येतं. आमच्या नशिबाने औषध चालणारं होतं. सोबत साखर आणि एचआयव्हीची तपासणी. एचआयव्ही म्हटल्यावर अण्णा इतके संकोचले की बाकावरून उठून बाहेर जाऊन उभे राहिले. टीबीचं काम बघणाऱ्या मॅडम त्यांच्या मागे गेल्या आणि म्हणाल्या, "काका, पुजाऱ्याला टीबी झाला तरी त्यांचीही करतो ओ आम्ही." मग आले. दोन्ही रिपोर्ट चांगले आले.

त्यानंतर मॅडमनी जे केलं त्याला मी त्या दिवशी फारसं महत्त्व दिलं नव्हतं. अण्णांना काट्यावर उभं केलं, उंची घेतली. वजन ४१ किलो, उंची १६२ सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, १६ च्याही खाली. "साडेअठराच्या खाली म्हणजे कमी वजन. साडेअठराला यायला साडेअठ्ठेचाळीस किलो लागतात," असं म्हणून त्यांनी अण्णांचं वजन निक्षयच्या, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत भरलं. गोळ्यासुद्धा वजनावरच ठरतात. ३५ ते ४९ किलोला रोज तीन. पहिले दोन महिने एकाच गोळीत चार औषधं, पुढचे चार महिने तीन.

गोळ्यांचं फार सांगण्यासारखं नाही. लघवी लालसर होते, घाबरायचं नाही. एक गोष्ट मात्र सांगायची आहे. चार औषधांतल्या इथॅम्ब्युटॉलने क्वचित डोळ्यांच्या नसेवर परिणाम होतो, आणि लाल-हिरवा रंग फिका दिसायला लागतो. तसं वाटलं तर लगेच सांगा, असं डॉक्टर म्हणाले. अण्णांनी ते मनावर घेतलं. ज्या माणसाने चाळीस वर्षं चादरीच्या ताण्यात चुकलेला एक रंगीत धागा लांबून ओळखला, त्याला डोळे तपासायला तक्ता कशाला लागतो? पेटीतून उरल्यासुरल्या सुताच्या कांड्या काढल्या. रोज सकाळी गोळ्या घेतल्यावर दारात उजेडाला बसून मरून आणि बाटली-हिरवा शेजारी शेजारी धरायचे, मग मोरपंखी आणि गर्द निळा. "रंग पक्का आहे," एवढंच बोलायचे.

आता वजनाकडे येतो. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, त्यामुळे आकडा दिसला की गप्प बसवत नाही. वजनावर एवढा जोर का, असं मॅडमना विचारलं, तेव्हा त्यांनी झारखंडच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. नंतर मी तो शोधून वाचला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम २०२३ च्या ऑगस्टमध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. झारखंडच्या चार जिल्ह्यांतले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरची दहा हजारांवर माणसं त्यात होती. धान्य सगळ्याच रुग्णांना दिलं. फरक केला तो घरच्यांच्या बाबतीत. निम्म्या भागात घरच्या प्रत्येक माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, उरलेल्या भागात नाही. मग दोन वर्षांपर्यंत पाहिलं, कुणाच्या घरात पुन्हा टीबी निघतो. ज्या घरांना डाळ-तांदूळ मिळाला तिथे नवे टीबी ३९ टक्क्यांनी कमी निघाले. तपासणीत जंतू सापडलेला फुप्फुसाचा टीबी तर ४८ टक्क्यांनी कमी. लस नाही, नवं औषध नाही. डाळ-तांदूळ.

रुग्णांचंही त्यात होतं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. अण्णांचे पाच टक्के म्हणजे दोन किलोच. एवढ्यावर इतकं अवलंबून असेल असं वाटलं नव्हतं.

इथे थोडं मागे जायला हवं. १९५९ साली मद्रासच्या एका अभ्यासाने दाखवलं होतं की गोळ्या नीट घेतल्या तर झोपडीत राहून, साधं खाऊनसुद्धा टीबी जवळपास तितकाच बरा होतो, जितका सॅनेटोरियमच्या, म्हणजे टीबीच्या खास दवाखान्याच्या पलंगावर दूध-अंडी खाऊन. फार मोठी गोष्ट होती ती. त्यामुळेच जगभर घरी उपचार सुरू झाले. पण त्यातून खाण्याचा विषयच मागे पडला, असं माझं मत. गल्लीतल्या डॉक्टरांपासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळे "गोळी चुकवू नका" म्हणतात, "काय जेवला?" कुणी विचारत नाही.

झारखंडमध्ये रुग्णाला रोज १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं जादा मिळतील असा हिशेब होता, त्यासाठी तांदूळ, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, दूध पावडर, तेल दिलं. आमच्याकडे सत्तू कोण खाणार? मी आमचा हिशेब मांडला. शंभर ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे २५ ग्रॅम प्रथिनं आणि साडेपाचशेच्या वर कॅलरी. दोन अंडी, बारा. अर्धा लिटर दूध, सोळा. झाले त्रेपन्न. वर एक ज्वारीची भाकरी जास्तीची, की कॅलरीही बाराशेच्या आसपास जातात. सोलापूरकराला शेंगा खा म्हणून सांगायला लागू नये. पण भूक मेलेल्या, पुढचे दात गेलेल्या माणसाच्या पोटात शंभर ग्रॅम शेंगा घालायच्या कशा, हे कुठल्याच पेपरात नव्हतं. ते आईने केलं. शेंगाची चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची, तिखट निम्मं घालायचं, मग दह्यात कालवायची. प्रत्येक भाजीत कूट. एकदा शेंगाची पातळ आमटी, एकदा हुलग्याचं माडगं. कडक भाकरी दुधात कुस्करून रात्री झोपताना. एकदम ताटभर वाढलं की अण्णा ताट सारायचे, म्हणून वाटी वाटीने, दिवसभर.

वजन मात्र एकाच काट्यावर करायचं. औषधाच्या दुकानातला काटा आणि केंद्रातला काटा यात किलोभराचा फरक होता. दुकानातल्या काट्यावर अण्णा खूश, केंद्रातल्यावर नाराज. आम्ही केंद्रातलाच खरा धरला. दोन महिन्यांनी तिथे ४३ किलो ६०० ग्रॅम भरले.

पैशाचं थोडक्यात. निक्षय पोषण योजनेत आधी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. सहा महिन्यांच्या उपचाराला तीन हजार सुरुवातीला आणि तीन हजार ८४ दिवस पूर्ण झाल्यावर. अण्णांचं आधार ज्या खात्याला जोडलेलं निघालं ते जुनं, बंद पडल्यात जमा असलेलं होतं, त्यामुळे पहिला हप्ता अडकला. बँकेत केवायसी करा, आधार पुन्हा जोडा, पुन्हा या. हे सगळं आटोपेपर्यंत पहिले दोन महिने, म्हणजे नेमके जे महत्त्वाचे, ते संपले होते. आणि दिवसाचे ३३ रुपये म्हणजे अर्ध्या लिटर दुधालाच जातात. पैसे देऊच नयेत असं नाही, पण झारखंडमध्ये धान्य दारात दिलं होतं आणि घरच्यांनाही दिलं होतं. खात्यातल्या तीन हजारांतून आमचं आधी लाइट बिल गेलं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. २०२४ मध्ये निक्षय मित्रांच्या, म्हणजे रुग्णांना स्वखुशीने मदत करणाऱ्या दात्यांच्या, धान्याच्या पिशव्या घरच्यांनाही द्यायचं सरकारने ठरवलं. आमचं नाव यादीत घेतलं होतं. देणारे कमी आणि नावं जास्त असल्याने पिशवी काही आली नाही.

आता वादाकडे. घरातल्या सगळ्यांचे एक्स-रे झाले, खोकला-ताप विचारून झालं, कुणालाच टीबी नव्हता. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोवर मॅडम म्हणाल्या, "आता तुम्हा सगळ्यांना प्रतिबंधाच्या गोळ्या." बायको तिथेच म्हणाली, "रिपोर्ट चांगला आहे ना? मग मला काय झालंय?" घरी आल्यावर सासूबाईंचा फोन, चांगल्या लेकीला टीबीच्या गोळ्या कसल्या देता म्हणून. त्यांच्या गावात कळलं तर धाकटीच्या लग्नाचं काय, हेही मागोमाग.

मॅडमनी समजावलं ते मला पटलं. अण्णांच्या खोकल्यातून जंतू आमच्या अंगात गेले असतील तर ते विस्तवावर राख धरावी तसे दबून राहतात. अशा दहा माणसांतल्या नऊंना जन्मभर काही होत नाही. ज्यांना होतं त्यांना बहुतेक करून पहिल्या दोन वर्षांत होतं. आणि सगळ्यात धोका लहान पोरांना. आमची चिऊ चार वर्षांची, आजोबांच्या कुशीत झोपणारी. तिचं नाव निघालं तेव्हा बायको गप्प झाली.

पूर्वी यासाठी सहा-नऊ महिने रोज आयसोनियाझिड घ्यावं लागायचं आणि लोक अर्ध्यात सोडायचे. २०११ मध्ये एक मोठा अभ्यास आला. त्यात आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे बारा डोस दिले. ते नऊ महिन्यांच्या गोळ्यांइतकेच चालले, आणि पूर्ण करणारे लोक ६९ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेले. आम्हा मोठ्यांना आणि थोरल्या मुलाला हेच मिळालं. चिऊला मात्र रोजची, सहा महिने, चुरून पाण्यात. आम्ही रविवार धरला, जेवणानंतर, कारण ही गोळी जेवणावर घेतलेली अंगी लागते. सोबत बी-सहा जीवनसत्त्वाची एक.

एक गोष्ट बायकांसाठी मुद्दाम लिहितो. मॅडमनी माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू आहेत का. रिफापेंटिनमुळे त्या गोळ्यांचा जोर कमी होतो, दुसरा उपाय लागतो. प्रत्येक ठिकाणी कुणी विचारेलच असं नाही, तर आपण विचारावं.

सुरुवातीच्या एका डोसनंतर बायकोला अंग मोडून ताप आला, आणि "सांगत होते की नाही!" झालं. दुसऱ्या दिवशी उतरला. असा फ्लूसारखा त्रास काहींना होतो. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, जेवण जाईना, तर मात्र गोळी थांबवून लगेच दाखवायचं. पुढच्या रविवारी तिने गोळ्या हातात घेतल्या, पण माझ्याकडे न बघता. आईचं वेगळंच. तिने अण्णांचं ताट-तांब्या वेगळा ठेवला होता आणि तो काढायला तयार नव्हती. टीबी ताटातून होत नाही, हवेतून होतो. सुरुवातीला मास्क आणि उघडी खिडकी महत्त्वाची, औषध नीट चाललं की जंतू पसरणं झपाट्याने कमी होतं. हे तिला पटलं, पण उन्हाळ्यात दुपारी खिडकी उघडी ठेवायची म्हणजे सोलापुरात भट्टीचं दार उघडणंच, त्यामुळे खिडकीवरूनही रोज बाचाबाची.

सगळ्यांचे डोस पुरे झाले. अण्णांचा सहा महिन्यांचा कोर्स संपला, बेडका स्वच्छ आला. एक्स-रेत जुन्या जखमेची खूण राहते, ती बघून पुन्हा धावपळ करू नका म्हणून डॉक्टरांनी तसं लिहूनच दिलं. वजन ४८ किलो २०० ग्रॅम. कोर्स संपला तरी दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी असते. दूध चालू आहे, अंडी अण्णांनी आपणहून एकावर आणलीत.

कुणाच्या घरी आत्ता हे सुरू होत असेल तर बँकेतलं आधार पहिल्याच आठवड्यात तपासून घ्या, पहिल्या दिवशीचं वजन कागदावर मागून घ्या, आणि घरच्यांच्या प्रतिबंधाच्या गोळ्यांचं कुणी बोललं नाही तर आपण विषय काढा. टीबीची सरकारी हेल्पलाइन १८००-११-६६६६ आहे, फोन फुकट लागतो.