तुम्ही विचारलंत म्हणून: डिटॅच केलेल्या सेशनमध्ये पाइप सोडायला मी का अडवतो

‘स्क्रिप्टचं आउटपुट पाइपने सरळ त्या चालू सेशनमध्ये सोडलं तर बिघडतं काय?’ हा प्रश्न मला नवी मुलं विचारतात, बरोबरीचे विचारतात, आता तर क्लायंटकडची माणसंही विचारतात. दर वेळी मी ‘नको, भानगड होते’ एवढंच म्हणतो आणि समोरच्याला वाटतं की मला येत नाही किंवा मी उगाच अडवतोय. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. सेशन म्हणजे टीमक्स किंवा स्क्रीन या प्रोग्रामांनी सर्व्हरवर चालू ठेवलेलं टर्मिनल. त्यापासून सुटून निघालं (डिटॅच) तरी आतलं काम चालू राहतं आणि नंतर पुन्हा जोडून घेता येतं (अटॅच). पाइप म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट सरळ दुसऱ्याला देणं.

येतं मला. सगळे जे आधी करून बघतात तेही करून झालंय: सेशनचं पीटीएस, म्हणजे त्या आभासी टर्मिनलचं प्रोग्रामकडचं टोक, शोधायचं आणि इको आज्ञेने त्यात अक्षरं लिहायची. अक्षरं पडद्यावर उमटतात, प्रोग्रामला मात्र एकही मिळत नाही. त्या टोकाला लिहिलेलं पडद्याकडेच जातं. कीबोर्डवरून आल्यासारखं पोचवायचं तर दुसऱ्या, मास्टरच्या टोकाने घालावं लागतं आणि ते टोक टीमक्सच्या ताब्यात असतं. कर्नलमधून (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातून) अक्षरं ढकलायची जुनी वाट होती, आयऑक्टल नावाच्या सिस्टीम कॉलची. ती सुरक्षेच्या कारणावरून ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमने 2017 मध्ये काढूनच टाकली आणि लिनक्सनेही 2023 पासून ती बंद ठेवायची सोय दिली. मग टीमक्सलाच सांगायचं. त्याची कळा पाठवायची आज्ञा, सेंड-कीज, पाइपमधलं वाचत नाही, म्हणून पाइप मजकूर साठवून घेणाऱ्या लोड-बफरला द्यायचा, फाइलच्या नावाऐवजी नुसता डॅश, आणि मग तो सेशनमध्ये ओतायला पेस्ट-बफर. स्क्रीनमध्ये याच कामाची स्टफ आज्ञा आहे. सेशन एकदाही अटॅच झालेलं नसेल तर तिथे विंडोचा नंबरही द्यावा लागतो, नाहीतर काहीच होत नाही. हे सगळं चालतं. चालत नाही असं मी कधी म्हटलेलं नाही.

मी अडवतो ते एका मार्चअखेरीमुळे.

औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याचा साठा जुळवायचा होता. आमचा एक सहकारी सर्व्हरवर टीमक्समध्ये पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसला आज्ञा द्यायचा प्रोग्राम, उघडून बसला होता. त्याने बिगिन करून एकच ट्रान्झॅक्शन सुरू केलं (शेवटी कमिट दिलं तरच त्यातले बदल कायम होतात), त्यातच टेंपररी टेबलं बनवली आणि दिवसभर एकेक बॅच तपासत दुरुस्त केली. संध्याकाळी शेवटची यादी यायची बाकी होती. ती दुसऱ्या स्क्रिप्टमधून रात्री अपडेटच्या ओळी बनून येणार होती. त्याने सेशन डिटॅच केलं, त्या ओळी लोड-बफरमधून याच सेशनमध्ये पडतील आणि शेवटी कमिट जाईल अशी व्यवस्था केली आणि तो घरी गेला.

‘नवं कनेक्शन का नाही उघडलं?’ असं त्याला नंतर सगळ्यांनी सुनावलं. मला ते आजही खटकतं. नव्या कनेक्शनला ती टेंपररी टेबलं दिसलीच नसती आणि कमिट न झालेले बदलही. त्याचं दिवसभराचं काम त्या एका प्रोसेसमध्येच जिवंत होतं. तिथे पोचायचं तर त्या टर्मिनलमधूनच.

सकाळी स्क्रिप्टच्या लॉगमध्ये सगळं यशस्वी होतं. साठा मात्र आदल्या सकाळचाच होता. मी सेशन अटॅच करून मागे स्क्रोल करत गेलो. निघण्याआधी त्याने शेवटचं एक सिलेक्ट चालवलं होतं आणि ते पूर्ण व्हायच्या आतच डिटॅच केलं होतं. निकाल पडद्यापेक्षा लांब निघाला, म्हणून पीएसक्यूएलने तो लेसमध्ये, म्हणजे लांब मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या पेजरमध्ये, उघडला. बघायला कुणी नव्हतं, तरी उघडला. सेशन डिटॅच असलं तरी त्याला उंची-रुंदी असतेच आणि पीएसक्यूएलला समोर माणूस आहे की नाही हे कळायला मार्ग नाही.

मग रात्री यादी आली. पहिल्या ओळीत अपडेट आणि त्यापुढे टेबलाचं नाव, क्यूटीवाय. अपडेटची सहा अक्षरं लेसने आपल्या आज्ञा म्हणून घेतली. यूने पान अर्धं वर, डीने अर्धं खाली. मग टेबलाच्या नावातला क्यू आला आणि लेस बंद झाला. उरलेलं ‘टीवाय सेट’पासूनचं सगळं पीएसक्यूएलच्या पदरात पडलं. सिंटॅक्स एरर. त्या क्षणी ट्रान्झॅक्शन निकामी झालं आणि पुढच्या प्रत्येक ओळीला पोस्टग्रेसने एकच उत्तर दिलं: ट्रान्झॅक्शन रद्द झालंय, ते संपेपर्यंत आज्ञा दुर्लक्षित. पानंच्या पानं तेच. सगळ्यात खाली कमिट, आणि त्याच्या उत्तरात एकच शब्द, रोलबॅक, म्हणजे सगळे बदल रद्द.

एका अक्षराने एका माणसाचा अख्खा दिवस गेला. आणि टीमक्सने सगळ्याला शून्य एक्झिट कोड, म्हणजे ‘काम झालं’ असा निरोप, दिला होता, तोही खरा. अक्षरं पोचवणं एवढंच त्याचं काम. ती कुणी घेतली, हे त्याला कुणी विचारलेलंच नव्हतं.

त्यानंतर बरेच दिवस मी ठासून सांगायचो की टाकण्याआधी पेनमध्ये (टीमक्सच्या विंडोच्या त्या भागात) कोणता प्रोग्राम चालू आहे ते टीमक्सला विचारा, मग धोका नाही. आज मी त्या माझ्याशीच वाद घालतो. त्या रात्री विचारलं असतं तर टीमक्सने पीएसक्यूएल असंच सांगितलं असतं. लेस पीएसक्यूएलच्याच प्रोसेस ग्रुपमध्ये (एकत्र चालणाऱ्या प्रोग्रामांच्या गटात) चालतो आणि टीमक्स ग्रुपच्या म्होरक्याचं नाव वाचतो. मग पेनमधला मजकूर वाचणाऱ्या कॅप्चर-पेन आज्ञेने शेवटची ओळ बघा, प्रॉम्प्ट दिसला तरच टाका? हे बरं आहे, मी स्वतः तेच करतो. पेजर आधीच बंद करतो, एक ओळ टाकतो, मागोमाग खुणेची ओळ छापायला लावतो, ती दिसली की पुढची. तरीही बघणं आणि टाकणं यांच्यामध्ये फट राहतेच.

‘मग नेम्ड पाइपवर प्रोग्राम चालवा,’ म्हणजे फाइलसारखं नाव असलेल्या पाइपमधून त्याला वाचायला लावा, असं तुमच्यातलेच काही म्हणतात. चालवा की, जिथे आधीपासून ठरवता येतं तिथे जरूर चालवा. लिहिणारं टोक एका प्रोसेसने कायम उघडं धरा, नाहीतर शेवटचा लिहिणारा गेला की वाचणाऱ्याला फाइल संपली असं वाटतं. पण प्रश्न येतो तो बहुतेक वेळा सेशन आधीच चालू असताना. दुपारपासून उघडं पडलेलं ट्रान्झॅक्शन, ते सुरू करणारा माणूस गाडीत, फोनला रेंज नाही, आणि मला कुणीतरी म्हणतं, ‘सर, एवढी फाइल त्यात सोडू का?’ अशा वेळी मी कधी हो म्हटलंय, कधी नाही. दोन्ही वेळा माझ्याकडे कारणं होती आणि दोन्ही वेळा ती मला पुरेशी वाटली नाहीत.