१८१ विकाऊ, २०१ नाही

मी न्यू जर्सीत जुन्या कॉमिक्सच्या दुकानात नोकरी करतो. आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे रद्दीचंच की रे." तसं बघितलं तर खोटं नाही. फक्त आमच्याकडे रद्दी तागडीत घालत नाहीत, एकेक पान उलटून जोखतात. कुणी घर विकायला काढतं, कुणाचे आईवडील मुलांकडे राहायला जातात, तळघरं रिकामी होतात आणि पांढऱ्या पुठ्ठ्याची लांबुळकी खोकी वर येतात. मग दुकानात फोन वाजतो. मालक गल्ला सोडून हलत नाहीत, त्यामुळे लोकांच्या घरी जाऊन माल बघायचं काम माझ्याकडे.

या धंद्यात भाव असतो तो पहिल्या दर्शनाला. एखादं पात्र ज्या अंकात पहिल्यांदा दिसलं तो अंक सोन्याचा. पुढे त्याने शंभर अंक गाजवले तरी ते अंक बहुतेक वेळा दोन-पाच डॉलरच्या खोक्यात. रोज हेच करत राहिलं की नजर तशीच होऊन जाते. अंक हातात आला की आधी किंमत आठवते, गोष्ट नंतर. कधीकधी आठवतच नाही.

ईस्ट ऑरेंजच्या एका घरून फोन आला तेव्हा पलीकडच्या माणसाने दोनच शब्द उच्चारले असावेत, कारण मालकांनी रिसिव्हरवर हात ठेवून मला थेट गाडीची किल्ली दिली. "हल्क १८१ म्हणतोय. जा."

एक्स-मेन या सुपरहिरोंच्या संघातला वुल्व्हरीन पहिल्यांदा दिसला तो हल्कच्या अंकात, १९७४ साली. १८० व्या अंकाच्या अगदी शेवटच्या चौकटीत तो उडी मारून येतो आणि १८१ मध्ये पूर्ण गोष्टभर हल्कशी झुंजतो. तेव्हा २५ सेंटला मिळणारा हा अंक आज फाटका असला तरी हजारांत जातो, आणि कोरा करकरीत असेल तर त्या पैशांत चांगली गाडी येईल.

घर त्यांच्या आईचं होतं. आई आता लेकीकडे राहायला गेलेली, घर विकायचं चाललेलं. भाऊ साठीला टेकलेला, बहीण त्याच्याहून पाच वर्षांनी धाकटी, नर्सची नोकरी करून नुकतीच निवृत्त झालेली. भावाने खोकी जेवणाच्या टेबलावर आधीच मांडून ठेवली होती. प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाठीला पांढरा पुठ्ठा, क्रमवार. माणूस नीटनेटका. बहीण कॉफी करत होती आणि आमच्या व्यवहारात आपल्याला काही रस नाही हे तिने भांड्यांच्या आवाजातून कळवलं होतं.

त्याने १८१ माझ्यापुढे ठेवला. कव्हर सुरेख होतं. रंग टवटवीत, कण्यावर एक-दोन बारीक रेघा, पिना न गंजलेल्या. पण १८१ हातात आला की कव्हरवर भाळायचं नसतं. आधी पत्रांचं पान उघडायचं. मी उघडलं. पानाला चौकोनी भोक होतं.

त्याचं असं आहे. त्या सुमारास मार्व्हलच्या अंकांत पत्रांच्या पानावर तिकिटाएवढी चित्रं छापून यायची. प्रत्येकात एकेक पात्र आणि क्रमांक. कापायची आणि एका वहीत चिकटवायची, अशी शंभर जमवायची. हल्क १८१ मध्ये आलेलं चित्र होतं ५४ नंबरचं, शॅना द शी-डेव्हिल नावाच्या जंगलातल्या नायिकेचं. देशभरातल्या पोरांनी ते इमानेइतबारे कापलं. तेव्हापासून या अंकाचे दोन वर्ग झाले, चित्र असलेले आणि नसलेले, आणि दोन्हींच्या किमतीत दरी आहे.

"हे कुणी कापलं?" तो म्हणाला. मग जरा वेळाने, "मी नाही."

बहीण काही न बोलता आत गेली. कपाटाचं दार वाजलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक पातळ वही होती. तिने ५४ क्रमांकाच्या चौकोनाचं पान उघडून वही टेबलावर ठेवली. शॅना तिथे होती, किंचित वाकडी चिकटलेली, एका कोपऱ्याला डिंकाचा पिवळा डाग.

"नऊ वर्षांचा होतास," ती म्हणाली. "आईची कात्री घेतली होतीस म्हणून ओरडा खाल्लास. तेही आठवत नाही?"

त्याने विचारलं, आता हे परत चिकटवलं तर? मी सांगितलं, चिकटवता येतं, लोक चिकटवतातही, पण ते सांगूनच विकावं लागतं आणि भाव काही पहिल्याएवढा येत नाही. तो खुर्चीत मागे टेकला. छपराचं काम या अंकातून काढायचं असं बरीच वर्षं त्याच्या मनात होतं म्हणे.

मला मात्र त्या नऊ वर्षांच्या पोराचं काही चुकलं असं वाटत नव्हतं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. १८१ मधला वुल्व्हरीन होता कोण? पिवळ्या कपड्यांतला एक बुटका कॅनेडियन सरकारी एजंट. संपादक रॉय थॉमस यांना कॅनडाचा एक हिरो हवा होता, लेन वीन यांनी तो लिहिला, पोशाख जॉन रोमिता यांनी आखला, अंक हर्ब ट्रिम्पी यांनी काढला. मुखवट्याखाली चेहरा दाखवलेला नाही. नाव नाही. नखं हातातून निघतात की हातमोज्यात बसवलेली आहेत तेही कळत नाही. वीन यांच्या डोक्यात हातमोजेच होते. अशा माणसाची गोष्ट वाचून शॅनाचं चित्र कापावंसं वाटलं तर त्यात नवल ते काय? शॅनाचं निदान स्वतःच्या नावाचं कॉमिक येऊन गेलं होतं.

पुढच्या वर्षी, १९७५ मध्ये, एक्स-मेनचा नवा संच आला. नाइटक्रॉलर, स्टॉर्म, कोलोसस, थंडरबर्ड आणि त्यांच्यात हा. थंडरबर्ड रागीट, अंगाने दणकट, कुणाचं न ऐकणारा. संघात त्या वळणाची माणसं आधीच होती, म्हणून ९५ व्या अंकात त्याला मारून टाकलं. वुल्व्हरीनवरही गदा यायची वेळ आली होती. चित्रकार डेव्ह कॉक्रम यांचा जीव नाइटक्रॉलरमध्ये. (माझाही आहे, पण ते इथे नको.) कॉक्रमनंतर जॉन बर्न आले. ते कॅनडात वाढलेले, आणि संघातला एकुलता एक कॅनेडियन घालवायला त्यांची तयारी नव्हती. वुल्व्हरीन टिकला तो या हट्टापायी. त्याला लोगन हे नाव मिळालं १०३ व्या अंकात, तेही एका आयरिश बुटक्या परीमाणसाच्या तोंडून. खरा वुल्व्हरीन मला दिसतो १९८० साली. संघातले सगळे पकडले गेलेत, याला गटारात फेकून दिलंय, आणि १३२ व्या अंकाच्या शेवटच्या पानावर तो त्या घाणीतून वर येतो. पुढच्या अंकात एकटा. तोवर कोरी पाटी असलेलं पात्र तिथे माणूस होतं. आणि हा अंक आमच्याकडे १८१ च्या शंभराव्या हिश्शाने मिळतो.

"मग तुम्ही लोक पहिल्या अंकाला एवढे पैसे का देता?" बहिणीने विचारलं.

मी म्हटलं, "आम्ही भक्त नाही, दलाल आहोत."

भावाच्या खोक्यांत १९९१ चा एक्स-मेन १ पण होता. पाच वेगवेगळी कव्हरं, प्रत्येकाच्या चार-चार प्रती. त्या अंकाच्या ८० लाखांहून जास्त प्रती खपल्या होत्या आणि अमेरिकेतल्या प्रत्येक तळघरात त्या सापडतात. मी त्यावर बोललो नाही. तोही समजला.

तेवढ्यात बहीण एक जुनी निळी सूटकेस घेऊन आली. "आता आलाच आहात तर हेही बघून टाका. विकायचं नाही, फक्त सांगा."

पिशव्या नाहीत, पुठ्ठे नाहीत. अंक एकमेकांवर तसेच रचलेले, कडा मऊ पडलेल्या, कागद तपकिरी. सगळे कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलेले. ते कव्हर बघून कळतं. त्या काळात कॉमिक्सच्या खास दुकानांत जाणाऱ्या प्रतींवर खालच्या चौकोनात स्पायडरमॅनचा चेहरा असे, आणि वर्तमानपत्रांच्या स्टँडवर, औषधांच्या दुकानात जाणाऱ्या प्रतींवर बारकोड. तिच्या सगळ्यांवर बारकोड होते. म्हणजे शाळेतून येताना, खाऊच्या पैशांतून. आणि त्या सूटकेसमध्ये एकच बाई होती, स्टॉर्म.

मी एक्स-मेनचा १८६ उचलला. १९८४ चा, बॅरी विंडसर-स्मिथ यांनी काढलेला. आदल्या अंकात संघातल्या रोग (Rogue) नावाच्या मुलीवर झाडलेला बार स्टॉर्मला लागतो आणि तिची शक्ती जाते. वारा, पाऊस, वीज, सगळं. नेहमीपेक्षा जाडजूड अंक, पण मारामारी जवळजवळ नाहीच. दोन माणसं एका घरात बोलतात, प्रेमात पडतात, आणि जिने आपली शक्ती घालवली ती बंदूक याच माणसाने बनवली होती हे तिला कळतं. तिच्या प्रतीची पिन सुटली होती. पानं हरवू नयेत म्हणून कण्याला शिवणकामाचा दोरा घातलेला होता.

"केनियात पहिल्यांदा दिसते तेव्हा लोक तिला देवी म्हणून पुजत असतात," ती म्हणाली. "मला ती तेव्हा आवडायची, पण अशी, लांबून. आमच्या वर्गातल्या गोऱ्या मुलींनाही आवडायची. पांढरे केस, हवेत उडणं. मग तिने डोकं दोन्ही बाजूंनी भादरून घेतलं, कातडी जाकीट घातलं, तेव्हा मी आईला म्हटलं मलाही तसेच केस हवेत." तिने भावाकडे पाहिलं. "आईने काय केलं ते याला चांगलं आठवतं."

"आणि शक्ती गेली तेव्हा?"

"तेव्हा मी दर महिन्याला दुकानात जाऊन आधी शेवटचं पान बघायचे. परत आली का? परत आली का? नाही यायची. आणि ती तरीही संघ चालवत होती. सगळ्यांकडे काहीतरी आहे, हिच्याकडे काही नाही, आणि तरी सगळे हिचं ऐकतात. मी नर्सिंगला गेले तेव्हा वॉर्डात माझ्याकडे काय होतं? डॉक्टरांची सही नव्हती, हुद्दा नव्हता. आवाज होता."

तिच्या ढिगात २०१ सगळ्यांत वर होता. कव्हर नव्हतंच, सुटं खाली ठेवलेलं, मधून फाटलेलं. अंक हातात घेतल्याबरोबर एका ठिकाणी आपोआप उघडला. संघाचं नेतृत्व कुणाकडे, यावरून सायक्लॉप्स आणि स्टॉर्म यांचा सामना. त्याच्या डोळ्यांतून किरण निघतात, तिच्याकडे काहीच नाही. ती लपते, वाट बघते, त्याच्या डोळ्यांवरची पट्टी काढून घेते आणि जिंकते.

"कव्हर ह्यानेच फाडलं," ती म्हणाली.

कव्हरवर जानेवारी १९८६ छापलंय, पण अंक स्टँडवर काही महिने आधीच यायचा. भाऊ तेव्हा कॉलेजातून थँक्सगिव्हिंगला घरी आलेला, वीस वर्षांचा घोडा. तो सायक्लॉप्सचा.

"ते नीट लिहिलेलंच नाही," तो एकदम सरसावून बसला. १८१ च्या भोकाबद्दल त्याने एवढा आवाज चढवला नव्हता. "त्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. बायको एकीकडे, नुकतंच जन्मलेलं बाळ घरी. असा माणूस लढायला उभा करायचा आणि मग हरला म्हणायचं?"

"बाळ बायकोला झालं होतं. त्याला नाही."

"पट्टी काढणं नियमात बसतं का?"

"नियम होते का?"

मी कॉफी पीत बसलो. दुकानात मी रोज लोकांना कुठला हिरो मोठा यावर बोलताना ऐकतो. बहुतेक जण ताकदीची यादी वाचतात, नाहीतर सिनेमाची कमाई सांगतात. इथे चाळीस वर्षांपूर्वीचं एक भांडण तसंच्या तसं उभं होतं, आणि दोघांनाही प्रत्येक चौकट पाठ. थंडरबर्डच्या बाजूने कुणाला असं भांडताना मी ऐकलेलं नाही. तो बिचारा बलवान होता, शूर होता, संघासाठी मेला. पण भाळावर हरणं लिहून, लाज वाटायला लावून, मग पुढच्या महिन्यात पुन्हा उभं करायला लेखकाला त्याच्यासोबत वेळच मिळाला नाही. एक्स-मेनचे लेखक ख्रिस क्लेरमॉन्ट यांनी १९७५ पासून १९९१ पर्यंत हे एकच कुटुंब लिहिलं. सोळा वर्षं. स्टॉर्मकडून सगळं काढून घ्यायचं आणि ते वर्षानुवर्षं परत द्यायचंच नाही, हा धीर एवढ्या मुक्कामाशिवाय येत नाही. आणि वाचकही त्याच वेगाने मोठा व्हावा लागतो. बहीण चौदा वर्षांची असताना स्टॉर्मची शक्ती गेली, परत आली तेव्हा ही कॉलेजात.

भावाला आता माझं मत हवं होतं. मी म्हटलं आधी हिशोब.

खोक्यांची यादी केली. १८१ चित्राशिवायच्या भावात धरला, वही वेगळी. वहीलाही गिऱ्हाईक असतं, पण ती बहिणीने ओढून घेतली आणि विषय संपला. मालकांना फोन केला. ते म्हणाले, बाकी काय आहे? मी म्हटलं, एक सूटकेस आहे, तिचे ऐंशी डॉलरही येणार नाहीत. "मग सोडून दे." "ती मिळतही नाहीये," मी म्हटलं.

एकूण रक्कम छपरासाठी पुरेशी नव्हती, पण पन्हळी होतील असं तो म्हणाला. चेक खिशात घालून तो खोकी उचलायला लागला. चांगली जड असतात ती. शेवटचं खोकं गाडीत सरकवल्यावर डिकीवर हात ठेवून तो थांबला.

"आता सांग. तू तर तटस्थ आहेस."

"स्टॉर्म जिंकली," मी म्हटलं. "स्वच्छ जिंकली."

त्याने डिकी जरा जोरातच आपटली.