तुम्ही विचारलंत म्हणून : अवलंबितांच्या रकान्यातले नाव

जो कर भरतो आणि ज्याच्या कमाईवर आणखी माणसे जगतात, मताधिकार त्यालाच असावा, असा एक लेख मी अकरा वर्षांपूर्वी लिहिला होता. तेव्हापासून ‘अजूनही तुमचे तेच म्हणणे आहे का?’ हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. विचारणाऱ्यांपैकी काहींना मी ठामपणे ‘हो’ म्हणावे असे वाटते, काहींना मी माफी मागावी असे वाटते. उत्तर मात्र दोघांनाही एका शब्दात हवे असते आणि तसे ते माझ्यापाशी नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

तो लेख गरिबांविषयीच्या तिटकाऱ्यातून आलेला नव्हता, हे आधी नोंदवतो. पगार हातात पडण्याआधीच त्यातून कर कापला जात होता, उरलेल्या रकमेत सर्वांचे भागवायचे होते, आणि ज्यांच्यावर कुणाचीच जबाबदारी नाही अशी माणसे मोठमोठ्या खर्चाच्या घोषणांना टाळ्या वाजवताना दिसत होती. ज्याच्या खांद्यावर भार त्याच्याच हाती निर्णय, हा विचार मला न्याय्य वाटला. तसा तो वाटणारा मी पहिलाही नव्हतो. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडलेले इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांनीही १८६१ मध्ये मांडले होते की, कर ठरवणारे प्रतिनिधी काही ना काही कर भरणाऱ्यांनीच निवडावेत आणि सार्वजनिक मदतीवर जगणाऱ्याला मत नसावे. मात्र त्यांनी असेही सुचवले होते की, अगदी गरिबाकडूनही थोडासा थेट कर घ्यावा, म्हणजे या अटीपायी त्याचे मत जाणार नाही. हा उत्तरार्ध मी लेखात घेतला नाही. तो मला ठाऊक होता.

लेख पाठवण्याआधी मी तो ताईला वाचायला दिला. आई तेव्हा अंथरुणाला खिळून तीन वर्षे झाली होती आणि ताईने नोकरी सोडून तिचे सगळे अंगावर घेतले होते. मी दर महिन्याला पैसे पाठवत असे, अधूनमधून जाऊन येत असे. आईची कूस दर दोन तासांनी बदलून द्यावी लागे. ताईने त्यासाठी एक वही केली होती : अकरा, एक, तीन, पाच, आणि प्रत्येक आकड्यापुढे ‘डावी’ किंवा ‘उजवी’. तिने आईच्या उशाशी बसून लेख वाचला, उठून आईला वळवले, वहीत ‘उजवी’ लिहिले आणि मग विचारले, “तुझ्या या हिशोबात मी कुठे आहे?”

मी खरे ते सांगितले. कार्यालयातल्या अर्जावर अवलंबितांच्या रकान्यात मी दोन नावे लिहिली होती, एक आईचे आणि दुसरे तिचे.

“म्हणजे आईला तू सांभाळतोस?”

“खर्च माझा आहे, ताई.”

“मग आज रात्रीचं तीनचं तू बघ,” एवढेच ती म्हणाली.

मी घड्याळाचा गजर लावला, तो वाजल्यावर बंद केला आणि पुन्हा झोपलो. जाग आली तेव्हा पाच वाजून गेले होते. घाईघाईने आईला वळवले आणि वहीत ‘तीन, डावी’ अशी नोंद केली. ताईने सकाळी आईची पाठ पाहिली. माकडहाडापाशी लाल चट्टा उठला होता. तिने काही न बोलता माझी ओळ खोडली. त्या चट्ट्याचा बेडसोअर झाला आणि तो भरून यायला दोन महिने लागले. लेख मात्र मी त्याच दिवशी, एक शब्दही न बदलता, पाठवून दिला.

पुढे कितीतरी दिवस मी नियम दुरुस्त करत बसलो. पैशाने पोसणाऱ्याबरोबर हातांनी सांभाळणाऱ्यालाही मत द्यावे, असे ठरवून पाहिले. पण कोण कुणाला सांभाळते याचा दाखला कोण देणार? एखादा सरकारी माणूसच. म्हणजे ज्या सरकारचा निवाडा करायचा, तेच निवाडा करणारे निवडणार. हे निव्वळ तर्कट नाही. बेल्जियमने १८९३ मध्ये प्रत्येक प्रौढ पुरुषाला एक मत दिले आणि पस्तिशी गाठलेल्या, किमान पाच फ्रँक कर भरणाऱ्या कुटुंबप्रमुखाला वर आणखी एक. मालमत्ता किंवा शिक्षण असेल तर मते तीनपर्यंत जात. ही पद्धत १९१९ मध्ये मोडीत निघाली, पण त्या घरांमधल्या स्त्रियांना संसदेसाठी सरसकट मतदानाचा हक्क मिळायला १९४८ उजाडले. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात मतदानासाठी वर्षाला फक्त दीड डॉलर डोईपट्टी होती. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांना आणि गरिबांना मतपेटीपासून दूर ठेवायला अशा पट्ट्या कामी आल्या, आणि राज्यांच्या निवडणुकांतून ती हटवायला १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला.

एवढे वाचूनही अकरा वर्षांपूर्वीचा मी गप्प बसत नाही. तो म्हणतो, आज मते देणारे जे कर्ज काढतील ते लहान मुले फेडणार आहेत आणि त्यांच्या बाजूने एकही मत पडत नाही. लोकसंख्याशास्त्रज्ञ पॉल डेमेनी यांनी १९८६ मध्ये मुलांची मते आईवडिलांच्या हाती देण्याची कल्पना मांडली. ती मला आजही खेचते. पण वडिलांनी मुलाच्या नावाने दिलेले मत मुलाच्या हिताचेच असेल, हे मी कशाच्या बळावर मानू? आईच्या नावाने वहीत लिहिलेली ती ओळ मी विसरलेलो नाही. तरीही न भरणाऱ्याने भरणाऱ्याचा खर्च ठरवावा, हे मला आजही बोचते. ती बोच खोटी आहे असे मी म्हणणार नाही.

आई जाऊन आता आठ वर्षे झाली. ताईला पुन्हा नोकरी मिळाली नाही. तिने सांभाळावे असे आता कुणी नाही आणि मिळकतीवरचा कर तिला लागू होत नाही. मी दुरुस्त केलेल्या नियमानुसारसुद्धा, आई गेली त्या दिवशी ताईचे मत संपले असते आणि माझे शिल्लक राहिले असते.