जुलाबाची गोळी आणि अफू

शिरगावची जत्रा आटपली की दोन दिवस माझ्या डिचोलीच्या फार्मसीत एकच मागणी: जुलाब थांबवायची गोळी. यंदा एका आजोबांना लोपेरामाइडची पट्टी देताना सहज बोलून गेलो, "ही अफूच्या नात्यातली हां." त्यांनी पट्टी विंचू चावल्यासारखी काउंटरवर टाकली!

खरं तेच सांगितलं होतं. अफूतलं मॉर्फिन आतड्यातल्या ज्या म्यू रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ठरावीक खाचेत, जाऊन बसतं, तिथेच ही गोळी बसते आणि आतडं मंदावतं. फक्त नेहमीच्या डोसमध्ये मेंदूच्या वेशीवरूनच तिला परत पाठवलं जातं, म्हणून नशा नाही. हे रिसेप्टर काही अफूसाठी घडलेले नाहीत. 1973 साली कॅन्डेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी ते मेंदूत दाखवले. 1975 मध्ये अॅबर्डीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना त्यांचा खरा धनी सापडला: डुकराच्या मेंदूतलं एन्केफॅलिन, शरीराचं घरचंच वेदनाशामक.

माझा एक शाळासोबती किनाऱ्यावर कामाला गेला आणि ब्राउन शुगरला, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनला लागला. 'मनाचा कच्चा,' आम्ही म्हणायचो. मीही, डी.फार्म. होऊनसुद्धा. पण मेंदूत डोपामिन, म्हणजे 'हे पुन्हा हवं' अशी ओढ लावणारं रसायन, सोडणाऱ्या पेशींवर दुसऱ्या पेशींचा ब्रेक असतो. हेरॉइन त्या ब्रेकच्याच म्यू रिसेप्टरवर बसतं. ब्रेक सुटतो, डोपामिन उसळतं आणि मेंदू सगळं गिरवून ठेवतो: ती गल्ली, तो वास, पुडी आणणाऱ्याच्या स्कूटरचा आवाजसुद्धा. रोजच्या माऱ्याने रिसेप्टर बोथट होतात, पेशी उलट्या बाजूने जोर लावू लागतात. मग पुडी बंद झाली की तो जोर मोकाट सुटतो. मे महिन्यात अंगावर काटा, जांभयांवर जांभया, वाहतं नाक. आणि जुलाब, कारण आतड्यातलेही रिसेप्टर रिकामे.

त्याची आई तेव्हा माझ्याकडेच यायची, जुलाबाच्या गोळ्या न्यायला. मी देत राहिलो. काही विचारलं नाही.

पुढे तो सुटला. आठ महिने स्वच्छ. मग एका रात्री घेतलं, पूर्वीच्याच मापाने. तोवर शरीराची सवय मोडली होती, आणि श्वास चालवणाऱ्या पेशींवरही हेच रिसेप्टर असतात. नॅलोक्सोन नावाचा उतारा आहे, ते रिसेप्टर अडवून हेरॉइनला हुसकावतं, पण ते टोचायला शेजारी कोणीतरी असावं लागतं.

आई अजून येते, बीपीच्या गोळ्यांना. गेल्या महिन्यात पैसे मोजता मोजता थांबली. "पुता, तो मनाचा कच्चाच होता काय रे?"

दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी तिला आत बोलावलं, बसायला स्टूल दिलं आणि त्या जुलाबाच्या गोळीपासून सांगायला सुरुवात केली.