तळजाईच्या वनातली एक सकाळ

पुण्याच्या दक्षिणेला, पाचगाव-पर्वतीच्या राखीव वनात, फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी उजाडताच गेलो. तळजाई मंदिरामागून आत वळले की वाहनांचा आवाज हळूहळू विरतो आणि पायवाटेवर वाळलेल्या पानांची कुरकुर तेवढी ऐकू येते. या दिवसांत गिरिपुष्पाची निष्पर्ण झाडे फिकट गुलाबी फुलांनी लगडलेली असतात, आणि ते दृश्य मोहक आहे हे मी मनापासून मान्य करतो. तरीही हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले, उजाड टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून येथे मोठ्या प्रमाणावर लावलेले, आणि त्याच्या दाट गर्दीत या टेकड्यांवरचे मूळचे गवत व झुडपे मागे पडतात, याची मला खरोखर खंत वाटते. त्याच्या मुळांवरच्या गाठींमुळे मातीला नत्र मिळते, हा त्याचा गुण मात्र नाकारता येत नाही.

पुढे उतारावर पळसाचे एकच झाड केशरी फुलले होते. त्यावर शिंजीर पक्षी सतत ये-जा करत होते. मी तेथे बराच वेळ थांबलो. परतताना झाडीतून मोराची केका ऐकू आली. मोर मात्र दिसला नाही.